पौषातली मोजणी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी वाडीत केळीच्या पाटाला पाणी सोडत होतो. ते म्हणाले, "सावे, तुम्ही सगळी नोकरी जमीन मोजण्यात घालवलीत. साखळीपासून उपग्रहापर्यंतचा प्रवास लिहा ना. छान, हलकाफुलका. मोजणी किती बदलली, कारभार किती सुधारला." मी म्हटलं, लिहितो, पण हलकंफुलकं लिहायचं कबूल करत नाही. ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.

गंमत नाही. पावणेदोन वर्षं माझं डोकं तापलेलं आहे, आणि ते निवावं अशी माझी इच्छाही नाही. बायको म्हणते, रिटायर झालात, आता वाडी बघा, पानवेली बघा, नातवंडांना घेऊन समुद्रावर जा. जातो की. पण समुद्रावर बसलो तरी डोळ्यांपुढे एक विहीर येते. बोईसरच्या पुढे डोंगराकडे गेलं की एक पाडा लागतो, तिथली. ती विहीर मी कागदावरून घालवली. कशी घालवली ते सांगायचं आहे. पाड्याचं नाव, रस्त्याचं नाव, ऑफिसचं नाव लिहीत नाही. माझं लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण लोकांना वाटतं मोजणीवाला म्हणजे टेप घेऊन येणारा आणि चहा पिऊन जाणारा. जमीन मोजणं ही दोन कामं आहेत. पहिलं, रेषा कुठे आहे ते शोधणं. पूर्वी हे साखळीनं आणि फळीवर कागद लावून व्हायचं, आता काठीवर बसवलेलं यंत्र आकाशातल्या उपग्रहाला विचारून दोन मिनिटांत सांगतं. फार चांगलं यंत्र आहे. त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. दुसरं काम म्हणजे त्या रेषेच्या आत कोण राबतंय ते लिहिणं. त्याला आम्ही वहिवाट म्हणतो. वहिवाट आकाशातून दिसत नाही. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून, बांधावर उभं राहून लिहावी लागते, आणि विचारायला माणसं घरी असावी लागतात.

आमच्या किनाऱ्याकडे माणसं नको तितकी घरी असतात. चिंचणीकडे एका पानवेलीच्या बागेची मोजणी होती. दोघे भाऊ, मधे कुंपण, आणि हद्दीचा दगड कुठला यावर दहा वर्षांचा अबोला. मी दगड शोधायला गेलो तर त्यांची म्हातारी आई त्याच दगडावर पाटावर बसल्यासारखी बसलेली. उठेचना. म्हणाली, "दोगं आदी एकमेकाशी बोला, मग मी उठतंय." तीन तास आम्ही यंत्र लावून उभे. शेवटी धाकटा थोरल्याला म्हणाला, "दादा, आयला सावलीत ने," आणि म्हातारी उठली. दगड मोजला तर भांडण चार बोटांचं निघालं. माझ्या नोकरीत मी मोजलेली ती सगळ्यात बरी मोजणी.

बोईसरच्या कारखान्यांकडे वेगळा नमुना. बेटेगावच्या बाजूला एका कारखान्याची भिंत नाल्यात उतरलेली. मी काठी रोवली तसा त्यांचा मॅनेजर धावत आला. म्हणाला, "साब, मशीन को थोड़ा उधर सरका दो ना, बाउंड्री भी सरक जाएगी." मी म्हटलं, "मशीन सरकवली तर फक्त मशीन सरकते. हद्द तिथेच राहते." त्याला ते पटलं नाही. त्याचा आग्रह एवढा मनापासून होता की क्षणभर मलाच वाटलं, याच्या आधी कोणीतरी सरकवून दिलेली असणार.

आणि दिलेलीच होती. हे लपवून पुढचं सांगितलं तर माझ्या रागाला काय किंमत राहणार? आमच्या खात्यात लोकांनी काय दिवे लावले ते पालघर तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मोजणीची तारीख हीच विकायची वस्तू होती. ओळख असेल त्याची मोजणी परवा, नसेल त्याची पुढच्या पावसाळ्यानंतर. शेजारी गावाला गेलाय हे बघून मुद्दाम तारीख लावणारे महाभाग माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. मी तसलं केलं नाही, पण तोंडही उघडलं नाही. मूग गिळून बसणारा आणि करणारा यांच्यात फरक किती, हा हिशेब तुम्ही करा.

आता डोंगराकडची पद्धत सांगतो. ती मला लडकूनं शिकवली. लडकू म्हणजे आमच्या ऑफिसचा साखळी धरणारा शिपाई, स्वतः डोंगरातला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात मी त्याला घेऊन एका पाड्यावर गेलो. घरांना कुलपं. दोन म्हाताऱ्या, चार कोंबड्या. भात झोडून झालं की डोंगरातली माणसं पोरंबाळं घेऊन वीटभट्ट्यांवर, खडीवर, बांधकामांवर जातात. लडकू एका ओट्यावर बसला, विडी पेटवली आणि म्हणाला, "सायेब, आता तुमाला इथं कोन भेटंल? कुत्री भेटतील. होळीला चला. होळीला सगला पाडा घरी हाय."

घोळ असा की जमीन मोजायचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. पावसात मोजता येत नाही, पीक उभं असताना मोजता येत नाही. शेत रिकामं झालं की आम्ही निघतो, आणि शेत रिकामं झालं की तेही निघतात. आम्ही येतो तेव्हा ते नसतात आणि ते येतात तेव्हा आमचं मार्चअखेरचं टपाल चालू असतं. म्हणून जुन्या मोजणीदारांनी एक रीत काढली होती. कुठल्या नियमात नव्हती. पौषात पाड्यावर जायचं, रेषा मोजायच्या आणि कागदावर सगळं पेन्सिलीनं काढायचं. कोणाची वहिवाट, कोणाचं झाड, कोणाची विहीर, या जागा अंदाजानं भरायच्या. मग होळीच्या आठवड्यात तोच कागद घेऊन पुन्हा वर चढायचं. ढोल वाजत असतात, माणसं घरी असतात, पोटात ताडी असते, खुशीत असतात. कागद अंगणात पसरायचा, दगडं ठेवायची आणि एकेक नाव विचारायचं. पाडाच्या पाडा त्या कागदाभोवती बसायचा. खाली येऊन त्यावर शाई फिरवायची. पेन्सिलीत लिहिलेलं कोणीच शेवटचं मानायचं नाही.

मग सुधारणा आली.

पालघरला एका हॉलमध्ये आम्हाला दोन दिवस बसवलं. पडद्यावर चित्रं, गारेगार हवा, जेवणात पनीर. शिकवायला आलेले गृहस्थ म्हणाले, आता तारीख माणूस लावणार नाही, संगणक लावेल. अर्ज ज्या क्रमानं आला त्या क्रमानं. तारीख पुढेमागे करायची सोय कोणालाच नाही, साहेबांनाही नाही. जागेवरून फोनमध्ये माहिती भरायची आणि पाठवायची. पाठवली की कुलूप. "माणसाचा हस्तक्षेप शून्य," असं ते चारदा म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि खऱ्या वाजवल्या, कारण तारखा विकणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

हात वर करून विचारायला हवं होतं की, साहेब, संगणकाला होळी कधी असते ते सांगितलंय का. नाही विचारलं. कोणीच नाही विचारलं. लडकू तोवर रिटायर होऊन वारलाही होता. तो त्या हॉलमध्ये असता तर त्यानं विडी विझवून नक्की विचारलं असतं.

ज्या वर्षी मी निवृत्त होणार त्याच वर्षी त्या पाड्याखालून मोठा रस्ता जायचा ठरला. संयुक्त मोजणी निघाली. म्हणजे रस्त्यात जाणाऱ्या पट्ट्यात कोणाचं काय आहे याची एकदाच, चार खात्यांच्या माणसांसमोर होणारी नोंद. संगणकानं तारीख दिली पौषातली. मी आमच्या अधिकारी बाईंकडे गेलो. तरुण, हुशार, वशिल्याचा चहासुद्धा न पिणारी बाई. मी म्हटलं, "मॅडम, ही तारीख होळीनंतर नाही का घेता येणार? तिथे आता कोणी नाही." त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. "काका, हे बघा. इथे बटणच नाही. आणि उद्या मी तुमच्यासाठी तारीख हलवली तर परवा दुसरा कोणीतरी त्याच्या पाहुण्यासाठी हलवा म्हणेल." यात त्यांचं काय चुकलं? माझ्या नावापुढे तेव्हा आधीच दोन प्रकरणं लाल झालेली होती. लाल म्हणजे मुदतीत न झालेली. दर सोमवारी ती यादी भिंतीवरच्या पडद्यावर लागायची.

पाड्यावर गेलो. दारांना कुलपं, जिथे कुलूप नाही तिथे दोरी. आठ दिवस आधी नोटीस कुडाच्या दाराला डकवून तिचा फोटो पाठवलेला होता, आणि फोनवर हिरवी खूण आली होती, नोटीस बजावली म्हणून. दारावर कुलूप दिसत होतं त्या फोटोत. हिरवी खूण देणाऱ्याला ते दिसलं नाही.

पट्ट्याच्या मधोमध सोमी वरठाची जागा. सोमीबायला मी बावीस वर्षं ओळखत होतो, जुन्या होळ्यांपासून. तिच्या सासऱ्याला ती जमीन एकसाली मिळालेली. एकसाली म्हणजे सरकारनं एका वर्षाच्या बोलीवर कसायला दिलेली. ते एक वर्ष तीन पिढ्या चाललं, पण सातबाऱ्यावर नाव काही चढलं नाही. अशा माणसाकडे हक्काचा पुरावा एकच असतो. कधीतरी कोणीतरी सरकारी माणूस जागेवर येऊन लिहितो की इथे ही बाई राबते. संयुक्त मोजणीत ते लिहिलं गेलं तर बदली जमीन मिळते आणि रस्त्याबाहेर उरलेला तुकडाही नावावर होण्याची वाट उघडते. नाही लिहिलं गेलं तर ती बाई तिथे नव्हतीच, कधीही.

जागेवर घर, सात रायवळ आंबे आणि विहीर. मी फोनमध्ये 'वहिवाटदार' दाबलं, सोमीचं नाव टाकलं. फोननं तिचा फोटो मागितला. जुना चालत नाही, तिथे उभा राहिलेला, डोळ्यांची उघडझाप करणारा माणूस लागतो. सोमी भिवंडीकडे भट्टीवर विटा थापत होती. पाठवा दाबलं तर पान पुढे सरकेना. दुसरा पर्याय होता, 'पड, वहिवाट नाही'. तिसरा नव्हता. विहिरीवर गेलो. 'विहीर' दाबलं की मालकाचं नाव आणि पुन्हा तोच फोटो. खाली आणखी एक शब्द होता, 'खड्डा'. खड्ड्याला मालक लागत नाही.

सोबतची माणसं उन्हात उभी होती. एकजण म्हणाला, "सावे, आटपा हो, अजून चार जागा आहेत." मी 'पड' दाबलं. मी 'खड्डा' दाबलं. आंबे रानझाडांत गेले. सगळ्यांनी खाली सह्या केल्या.

तुम्ही म्हणाल, कसा नीच माणूस. असेन. पण तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो, त्याशिवाय ही चूक कळणार नाही. माझ्या डोक्यात पेन्सिल होती. वीस वर्षांची सवय. पौषात काहीतरी भरून ठेवायचं, होळीला वर जाऊन नीट करायचं. बोटानं काच दाबली तरी हाताला वाटत होतं की हे अजून पेन्सिलीतच आहे. हॉलमध्ये 'पाठवली की कुलूप' हे ऐकून मी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि जागेवर ते साफ विसरलो होतो. नव्या पोरांनी ही चूक केली नसती. त्यांनी बहुतेक तेच बटण दाबलं असतं, पण खोट्या भरवशावर नाही.

हरकत घ्यायला मुदत होती, ती माघात संपली. ज्यांनी घ्यायची ते विटा थापत होते.

होळीला मी कागद घेऊन पाड्यावर गेलो. सवयीनं अंगणात पसरला, दगडं ठेवली. सोमी आली, वाकून बघितलं. तिला वाचता येत नाही, पण नकाशा कळतो, कारण तिनं असे कागद पूर्वी पाहिले होते. बोट ठेवून म्हणाली, "भाऊ, माजी विहीर कुठं हाय?" मी म्हटलं, "नीट करायचीय, बाय. त्यासाठीच आलोय." ती म्हणाली, "करा. आमी दोगांनी खंदली ती. दोन उनालं भट्टीवर गेलो नाय." नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मला शेवभाजी खाऊ घातली तिनं. मी खाल्ली.

खाली आलो आणि मॅडमसमोर कागद ठेवला. त्यांनी बघितलं, संगणकात बघितलं, आणि म्हणाल्या, "काका, मुदत संपल्यावर दुरुस्तीचा एकच मार्ग आहे. मोजणीदारानं लिहून द्यायचं की नोंद खोटी होती." त्यांनी फॉर्म दाखवला. 'नोंद खोटी असल्याचे मोजणीदारास मान्य आहे.' पुढे होय आणि नाही. होय म्हटलं की चौकशी आपोआप चालू. माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिलेले.

"खोटी कशी? फोननं दुसरं काही घेतलंच नाही, मॅडम," मी म्हटलं.

"तुम्ही तिथे उभे होता. विहीर दिसत होती ना तुम्हाला?"

"दिसत होती."

"मग ती खोटीच आहे," त्या म्हणाल्या. "मी वर लिहीन तुमच्या बाजूनं. पण आधी 'होय' तुम्हाला लिहावं लागेल."

मी रात्रभर विचार करतो म्हणालो. विचार कसला डोंबलाचा. दुसऱ्या दिवशी मी एक अर्ज लिहून नेला. आयुष्यभर शिकलेली सगळी सरकारी भाषा त्यात ओतली. 'तांत्रिक मर्यादेमुळे वहिवाटीची नोंद घेणे शक्य झाले नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' नोंद घेणे शक्य झाले नाही. कोणी घेतली नाही, कोणाला शक्य झालं नाही, काही नाही. मॅडमनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि आवकेचा शिक्का मारला. पुढे त्या मला काका म्हणाल्या नाहीत, सावे म्हणायच्या. तीन आठवड्यांनी अर्जावर उत्तर आलं. 'नोंद खोटी असल्याचे मोजणीदाराने मान्य केलेले नाही, सबब प्रकरण निकाली.' पडद्यावर माझ्या नावापुढे ते हिरवं झालं.

निवृत्तीच्या दिवशी मला निरोप दिला. शाल, नारळ, आणि भाषणं. एक साहेब म्हणाले, सावे यांच्या कारकिर्दीत अखेरच्या वर्षी एकही प्रकरण प्रलंबित नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बायकोनं शाल घडी करता करता विचारलं, "तुम्ही असे का बसलात, अहो?" मी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग ते होय लिहायला काय झालं होतं?" पेन्शन अडकली असती, मी म्हटलं. आत जाऊन तिनं शाल कपाटाच्या तळाशी टाकली, ती आजवर कोणी बाहेर काढलेली नाही.

रस्त्याचं काम कधी सुरू होणार? कोरड्या दिवसांत. सोमी कुठे असणार? भट्टीवर. माघात यंत्रं आली आणि एका सकाळीत विहीर बुजवून गेली. खड्डा बुजवायला कोणाला विचारावं लागत नाही. होळीला पाडा घरी आला तेव्हा तिथे सपाट मुरूम होता. घर आणि तीन आंबे रस्त्याच्या कडेला उरलेत, तेही कागदावर पडच आहेत.

त्या होळीनंतर सोमी पत्ता विचारत विचारत आमच्या वाडीत आली. हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होतो. बायकोनं तिला पाणी दिलं, सुपारीच्या सावलीत बसवलं. सोमी म्हणाली, "भाऊ, कागदात काय लिवलाय ते वाचून दावा. सेतूवाला पोरगा सांगतो, तुज्या जागेत तू नव्हतीस." मी वाचून दाखवलं. 'पड, वहिवाट नाही.' 'खड्डा.' खाली सह्या, पहिली माझी. तिनं विचारलं, "ही सही कोनाची?" मी म्हटलं, माझी. ती म्हणाली, "तुमी तर विहिरीचा पानी पिलाव किती येला." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी तिला अपील लिहून दिलं. ते दाखल झालं. सुनावणी कोळगावच्या नव्या सरकारी इमारतीत आहे, आणि संगणकानं तारीख लावली आहे. तुम्हाला सांगायला हवं का कुठल्या महिन्यातली? पौषातली.

मला राग कोणाचा येतो हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. यंत्राचा नाही. त्या मॅडमचा नाही, त्या सगळ्यांत प्रामाणिक होत्या. राग येतो तो चोरांना आवर घालायचा म्हणून सगळ्यांचेच हात बांधणाऱ्यांचा, आणि वर त्याला पारदर्शक म्हणणाऱ्यांचा. राग येतो पनीर खात टाळ्या वाजवणाऱ्या आमचा. ज्यांच्यासाठी सुधारणा केली म्हणतात त्यांना एकदा तरी विचारा की बाबांनो, तुम्ही घरी कधी असता. एवढा एकच प्रश्न. तो विचारायला उपग्रह लागत नाही. आणि सगळ्यात जास्त राग येतो 'शक्य झाले नाही' असं लिहिणाऱ्या माणसाचा, जो रोज सकाळी आरशात दाढी करतो.

गेल्या आठवड्यात पाड्यावर गेलो. भात पोटऱ्यात आलेलं. सोमीला सांगितलं की मी आता खरं लिहिणार आहे, छापून येईल, आणि पौषात सुनावणीला मी स्वतः येऊन तेच सांगणार. चौकशी लागली तर लागू दे, पेन्शनला हात लागला तर लागू दे, वाडी आहे, पोट भरेल. ती म्हणाली, "या साली मी भट्टीवर जात नाय. तारीख होयतवर घरीच हाय." म्हणजे विहिरीसाठी आणखी एक उन्हाळा. मग म्हणाली, "लिवा भाऊ. पन विहीर मोजून लिवा. नायतर परत खड्डा म्हनतील."

मी म्हटलं, "बाय, आता कशी मोजू? बुजवली ना ती."

ती आत गेली आणि आढ्याला टांगलेला दोर घेऊन आली. पोहऱ्याचा दोर. काळा पडलेला, मधेच एका जागी झिजून बारीक झालेला. "इथं काठ घासायचा," तिनं दाखवलं. "पोहरा वैशाखात पान्याला लागला का काठ इथं यायचा." तिनं पोहऱ्याकडचं टोक धरलं, मी झिजलेल्या जागेवर बोट ठेवलं, आणि आम्ही दोर अंगणात ताणला. मी खिशातला टेप काढला. शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. मी मोठ्यानं आकडा वाचला, आणि त्या वेळी मात्र शाईच्या पेनानं लिहून घेतला.

तेव्हा आता लिहून देतो. पेन्शनच्या कागदावर करतो तशीच सही इथेही आहे.

मी, सावे, निवृत्त भूकरमापक, लिहून देतो की संयुक्त मोजणीत सोमी वरठा यांच्या जागेवर मी 'पड, वहिवाट नाही' अशी नोंद केली. ती खोटी होती आणि करताना मला ते ठाऊक होतं. तिथे घर आहे, सात आंबे होते आणि विहीर होती. विहीर सोमी वरठा आणि त्यांच्या नवऱ्यानं खणली. वैशाखातल्या पाण्यापर्यंत खोली आठ मीटर वीस, म्हणजे अठरा हात. मोजणी दोरावरून केली. मोजणीच्या वेळी वहिवाटदार हजर होती.